‘हे खरे आहे काय?’ : अधिवेशनात मंत्र्यांना प्रश्न विचारतात म्हंजे नेमकं काय करतात

डिसेंबर आला की नागपुरात अधिवेशनाची खबर सगळ्यात आधी रस्त्यांना लागते. सिव्हिल लाइन्सचे डिव्हायडर रंगतात, रवी भवन आणि आमदार निवासात डागडुजी सुरू होते, जे खड्डे पावसाळाभर कोणाला दिसले नव्हते ते एका रात्रीत बुजतात, आणि मग मोर्चे, बॅरिकेड, वळवलेला ट्रॅफिक. टीव्हीवर दिसतं ते फक्त विधानभवनाच्या पायऱ्यांवरचं, म्हंजे गळ्यात संत्र्यांच्या नाहीतर कापसाच्या माळा घालून घोषणा देणारे आमदार. त्यामुळे दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, की हे लोक आत जाऊन करतात तरी काय, नुसतेच भांडतात काय?

भांडतात, खोटं काहून बोला. पण आत एक काम असंही होते ज्याची क्लिप व्हायरल होत नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की पायऱ्यांवरच्या दहा आंदोलनांपेक्षा त्याची किंमत जास्त आहे. ते म्हंजे मंत्र्याला प्रश्न विचारणं आणि त्याच्याकडून छापील, लेखी उत्तर काढून घेणं. आपल्या पीएचसीत, म्हंजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टर आहे की नाही, एसटी काहून बंद झाली, समृद्धीवर अपघात कशाने होऊन राहिले, हे सगळं त्याच रस्त्याने सरकारला विचारता येते. फक्त तो रस्ता जरा किचकट आहे, म्हणून हा लेख, आणि लेख लांब आहे हे आधीच सांगून टाकतो.

आधी थोडं मागचं. नागपूर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची, मग जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होती. १९५३ च्या सप्टेंबरमध्ये नागपूर करार झाला आणि त्यात ठरलं की वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं, ते विदर्भाचे प्रश्न मांडता यावे म्हणून. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि तेव्हापासून हिवाळी अधिवेशन इथं होऊ लागलं. करोनाच्या दोन वर्षांत ते मुंबईतच झालं, आणि २०१८ मध्ये उलटं, पावसाळी अधिवेशनच नागपुरात घेतलं, तर जुलैच्या एका पावसात विधानभवनात पाणी शिरलं, लाइट गेली आणि त्या दिवसाचं कामकाज गुंडाळावं लागलं. (पावसाळ्यात नागपुरात अधिवेशन घ्यायची हौस त्यानंतर कोणी दाखवली नाही.)

आता मुद्द्यावर. आमदाराला मंत्र्याला जाब विचारायचा हक्क कुठून आला? राज्यघटनेच्या कलम १६४ मध्ये लिहिलं आहे की मंत्रिमंडळ हे विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. जबाबदार आहे म्हंजे विचारलं की सांगावं लागते, सांगितलं नाही किंवा सभागृहाचा विश्वास गेला तर खुर्ची जाते. पण प्रश्न विचारायची पद्धत घटनेच्याही आधीची, इंग्रजांच्या काळातली आहे. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सदस्यांना प्रश्न विचारायची परवानगी मिळाली, पण फक्त एकच प्रश्न, त्यावर उत्तर, खेळ खतम, उलट काही विचारायचं नाही. १९०९ मध्ये, ज्याने प्रश्न विचारला त्यालाच उपप्रश्न विचारायची मुभा मिळाली, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ती इतर सदस्यांनाही मिळाली. म्हंजे उपप्रश्नाची ही मुभा एकेका पायरीने, सत्तावीस वर्षांत मिळालेली आहे. ती इतकी महत्त्वाची काहून, ते पुढे सांगतो.

प्रश्नांचे प्रकार पटकन पाहून घेऊ. तारांकित प्रश्न म्हंजे ज्यावर मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी बोलावं लागते आणि उपप्रश्न झेलावे लागतात. अतारांकित म्हंजे लेखी उत्तर घ्या आणि घरी जा, उपप्रश्न नाही. अल्पसूचना प्रश्न म्हंजे तातडीचा मामला आहे, नेहमीची मुदत संपेपर्यंत थांबता येत नाही, असा. कामकाजाचा एक तास प्रश्नोत्तरांसाठी राखीव असतो आणि त्या तासात तारांकित प्रश्नांपैकी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच प्रत्यक्ष चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं छापील यादीत पडून राहतात. पडून राहतात म्हटलं, पण ती याद्यांमधली उत्तरंच खरी खाण आहे, ती कोणी खोदत नाही इतकंच.

आता प्रश्न असतो कसा? आपल्याला वाटते आमदार उभा राहतो आणि ‘मंत्रीमहोदय, आमच्या तालुक्यात डॉक्टर काहून नाही?’ असं ओरडतो. तसं नसते. काही आठवडे आधी प्रश्न लेखी द्यावा लागतो, विधिमंडळ सचिवालय तो नियमात बसतो का तपासते, आणि त्याची भाषा अशी ठरलेली असते की एक वाचला की शंभर वाचल्यासारखे वाटतात. समजा एका तालुक्यातल्या आरोग्य केंद्राबद्दल प्रश्न आहे (तालुका माझ्या मनातला आहे, नाव शोधत बसू नका), तर तो असा येईल:

सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) सदर प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त असून रुग्णवाहिकेस चालक नसल्याचे माहे ऑगस्टमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, उक्त पदे केव्हापासून रिक्त आहेत व त्याची कारणे काय आहेत;
(३) असल्यास, सदर पदे भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

वाचायला कंटाळवाणं आहे, मान्य. पण नीट पाहा, पळायच्या वाटा कशा एकेक करून बंद केल्या आहेत. पहिल्या भागात हो किंवा नाही म्हणावंच लागते. हो म्हटलं की दुसरा भाग उभा, केव्हापासून आणि काहून. मग तिसरा, तुम्ही काय केलं. आणि काहीच केलं नसेल तर चौथा, उशीर काहून झाला. ‘वा त्यादरम्यान’ हे दोन शब्दही उगाच नाहीत, नाहीतर घटना ३१ ऑगस्टची नसून १ सप्टेंबरची आहे एवढ्यावरून कोणी ‘हे खरे नाही’ लिहून मोकळं होईल.

हा प्रश्न तिकडे मंत्रालयात गेला की खाली काय होते ते जास्त मजेशीर आहे. ऑफिसात याला कोणी तारांकित प्रश्न म्हणत नाही, ‘एलएक्यू आला’ म्हणतात (विधानसभेच्या प्रश्नाचं इंग्रजी लघुरूप), विधान परिषदेचा असला तर ‘एलसीक्यू’. मंत्रालयातून संचालनालय, तिथून उपसंचालक, तिथून जिल्हा, तिथून तालुका, असा तो ईमेल आणि व्हॉट्सॲपने घसरत खाली येतो, वर ‘अतितात्काळ, विधिमंडळ कामकाज’ असं लिहिलेलं असते. मग तालुक्याचा क्लार्क रविवारी दुपारी जेवता जेवता फोनवर फोन करतो, मॅडम ते पद कधीपासून खाली आहे, ड्रायव्हरची ऑर्डर कधी संपली, मागणीपत्र कोणत्या तारखेला पाठवलं, जावक नंबर सांगा. ज्या केंद्रांकडे सांगण्यासारखं काही नाही त्यांनीही ‘माहिती निरंक’ असं लिहून कळवायचं असते, गप्प बसायची सोय नाही. आणि गंमत ही की जी फाइल आठ महिने एका टेबलावर आराम करत होती ती याच दोन दिवसांत हलते, कारण उत्तरात ‘कार्यवाही केली’ असं लिहायचं तर कार्यवाही करावी लागते, निदान केल्याची तारीख तरी पाडावी लागते. कित्येक रिकाम्या जागांवर डॉक्टर हजर होतो तो उत्तर सभागृहात यायच्या आधी. प्रश्न चर्चेला आलाच नाही तरी त्याचं निम्मं काम असं आधीच झालेलं असते, आणि हे टीव्हीवर दिसत नसल्यामुळे त्याचं श्रेयही कोणाला मिळत नाही.

पण प्रश्न चुकीच्या मंत्र्याच्या दारात गेला तर सगळं पाण्यात. आपल्याकडे कोण कशाचा मालक हेच लोकांना माहीत नसते, आणि त्यात लोकांची चूक नाही, व्यवस्थाच तशी आहे. दवाखान्यांचंच घ्या. नागपुरातलं मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी, पण ती वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. डागा रुग्णालय सरकारीच, पण ते सार्वजनिक आरोग्य खात्याकडे. महापालिकेचे दवाखाने महापालिकेचे, म्हंजे राज्यात विचारायचं तर नगरविकास खात्याला. गावातली प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषद चालवते, तालुक्याची ग्रामीण रुग्णालयं थेट राज्य सरकार. आणि मिहानमधलं एम्स केंद्राचं, तिथल्या ओपीडीच्या रांगेबद्दल आमदाराने विधानसभेत कितीही घसा कोरडा केला तरी ते राज्याच्या मंत्र्याच्या हातात नाही, तो प्रश्न खासदाराने लोकसभेत विचारायचा.

हे नुसतं तांत्रिक नाही. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली, ते रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं होतं. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यातली १२ नवजात होती, ते वैद्यकीय शिक्षण खात्याचं. दोन्ही वेळा लोकांच्या तोंडी ‘आरोग्यमंत्री काय करत होते’ हेच. पण जबाबदारीचा धागा दोन वेगळ्या मंत्र्यांकडे जातो, औषधखरेदी कोणाची, नर्सची पदं कोण भरतो, इमारतीच्या वायरिंगची तपासणी कोणी करायची, यातला प्रत्येक भाग वेगळ्या टेबलावर असतो आणि प्रश्न विचारणाऱ्याने ते टेबल ओळखलं नाही तर उत्तर येते, ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’. संपलं.

रस्त्यावर तर याहून जास्त गोंधळ आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ लोक गेले. आता यावर प्रश्न कोणाला विचारायचा? गाडीचं फिटनेस, परमिट, आपत्कालीन दरवाजा चालत होता का, हे आरटीओचं, म्हंजे परिवहन खातं. रस्त्याची आखणी, कठडे, थांबायच्या जागा, हे एमएसआरडीसीचं (राज्य रस्ते विकास महामंडळ), म्हंजे सार्वजनिक उपक्रमांचं बांधकाम खातं. गुन्हा आणि तपास पोलिसांचा, म्हंजे गृह. जखमींना ॲम्ब्युलन्स किती वेळात मिळाली, हे आरोग्य. ७०१ किलोमीटरचा एकच रस्ता, आणि चार मंत्री. हुशार आमदार काय करतो, तर एकाच अपघातावर चार वेगळे प्रश्न चार खात्यांना टाकतो आणि चारही उत्तरं एकमेकांशेजारी ठेवून वाचतो, एका खात्याने दुसऱ्यावर ढकललेलं दुसऱ्याने कबूल केलं आहे का ते पाहतो. आळशी आमदार ‘समृद्धीवर अपघात वाढले हे खरे आहे काय’ एवढंच विचारतो आणि त्याला ‘हे अंशतः खरे आहे’ असं उत्तर मिळते, घ्या.

शहरातही तेच. ‘आपली बस’ नावाची शहर बस महापालिकेची, एसटी राज्याच्या महामंडळाची, मेट्रो केंद्र आणि राज्याच्या अर्ध्या-अर्ध्या भागीदारीतल्या कंपनीची, रेल्वे पूर्ण केंद्राची. घरासमोरचा रस्ता महापालिकेचा का नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास) का पीडब्ल्यूडीचा का हायवेवाल्यांचा, हे तर तिथं राहणाऱ्यालाही वीस वर्षांत कळत नाही. आणि मधल्या काळात महापालिकेत विचारायलाही कोणी नव्हतं, मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त प्रशासकच कारभार पाहत होता. नगरसेवक नाही म्हंजे महापालिकेच्या सभेत प्रश्न नाही, म्हणून मग शहरातल्या गटारांचे आणि बसस्टॉपचे प्रश्नसुद्धा आमदारांच्या गळ्यात पडले.

आता उत्तरं वाचायची कशी. सरकारी उत्तराची एक ठरलेली वाक्यांची पेटी असते, आणि त्यातलं कोणतं वाक्य काढलं यावरून आतलं बरंच कळते. ‘हे खरे आहे’ म्हटलं तर खुश व्हा, कबुली मिळाली, हा कागद पुढे कोर्टातही दाखवता येतो. ‘हे खरे नाही’ आलं तर तपासा, की पूर्ण गोष्टच खोटी आहे का प्रश्नातला एखादा आकडा चुकला म्हणून त्याचा फायदा घेतला. ‘हे अंशतः खरे आहे’ हे माझं लाडकं, कारण अंश कोणता ते खाली शोधावं लागते आणि बहुतेक वेळा जो अंश खरा असतो तोच मोठा असतो. ‘माहिती घेण्यात येत आहे’ म्हंजे खालून माहिती आलीच नाही, किंवा आली आणि ती द्यायची इच्छा नाही. ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’ म्हंजे कोणी नाही म्हटलेलं नाही आणि हो म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे. आणि शेवटी ‘प्रश्न उद्भवत नाही’, हे पहिल्या भागाला नाही म्हटलं की खालच्या सगळ्या भागांवर आपोआप लागते, चार भागांचा प्रश्न एका ‘नाही’ने झोपवायची ही सगळ्यात जुनी युक्ती.

म्हणूनच उपप्रश्न. सभागृहात अध्यक्ष प्रश्नाचा क्रमांक पुकारतात, मंत्री उठून ‘छापल्याप्रमाणे’ म्हणतात, कारण उत्तर आधीच यादीत छापलेलं असते, आणि खरा सामना त्यानंतर सुरू होतो. छापील उत्तर अधिकाऱ्यांनी लिहिलेलं असते, उपप्रश्नाचं उत्तर मात्र मंत्र्याला स्वतःच्या डोक्यातून द्यावं लागते. अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या येत असतात, तरी चिठ्ठी पोचेपर्यंत मंत्री काय बोलतो त्यावरून त्याचा अभ्यास कळतो. ज्याला खातं माहीत आहे तो चिठ्ठीकडे पाहत नाही. ज्याला माहीत नाही तो ‘सन्माननीय सदस्यांनी अत्यंत महत्त्वाचा प्रश्न उपस्थित केला आहे’ इथून सुरुवात करतो आणि तेवढ्यात चिठ्ठी यायची वाट पाहतो.

चांगला उपप्रश्न छोटा असतो. एसटीचं उदाहरण घेऊ. २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीत मोफत प्रवास सुरू झाला, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. योजना चांगली, लोकांनी उचलून धरली, तुमच्या-माझ्या घरातल्या आया-मावश्या खुशीत आहेत. पण सवलतीची रक्कम सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते. आता कोणी उठून ‘एसटीची अवस्था दयनीय आहे, शासन झोपले आहे काय’ असं पाच मिनिटं भाषण केलं तर मंत्री पाच मिनिटं योजनेचं कौतुक करतात आणि बसतात. त्याऐवजी एवढंच विचारा, की गेल्या आर्थिक वर्षात महामंडळाने सवलतीपोटी किती रकमेची मागणी केली आणि त्यातली किती, कोणत्या महिन्यात दिली? याला भाषणाने उत्तर देता येत नाही, याला आकडाच लागतो. आकडा दिला तर तो रेकॉर्डवर, नाही दिला तर ‘माहिती पटलावर ठेवू’ असं म्हणावं लागते आणि तेही रेकॉर्डवर. आपल्या बहुतेक आमदारांना भाषणाचा मोह आवरत नाही हे दुःख आहे, कारण आकड्याची क्लिप मतदारसंघात फिरत नाही, भाषणाची फिरते.

मंत्र्याचं उत्तर अगदीच पोकळ असलं, किंवा मंत्रीच सभागृहात हजर नसला, तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात, म्हंजे तयारी करून परत या. मंत्र्यासाठी ही नाचक्की असते, आणि सत्ताधारी बाकावरचे सदस्यही अशा वेळी गालातल्या गालात हसतात. तसं पाहिलं तर प्रश्न फक्त विरोधकच विचारतात असंही नाही, सत्ताधारी आमदारांचे प्रश्न भरपूर असतात आणि काही वेळा तेच जास्त टोचणारे असतात, कारण त्यांना आतली माहिती असते आणि कधीकधी मंत्रिपद न मिळाल्याचा रागही असतो.

प्रश्नोत्तरांच्या पलीकडेही हत्यारं आहेत, ती थोडक्यात सांगतो. लक्षवेधी सूचना सगळ्यांना ऐकून माहीत आहे, तातडीच्या आणि सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर मंत्र्याने निवेदन करायचं आणि त्यावर प्रश्न घ्यायचे. पण आता लक्षवेध्यांचं इतकं पीक आलं आहे की त्या उरकायला सकाळी विशेष बैठका लावतात, आणि सगळ्याच गोष्टींकडे लक्ष वेधलं की कशाकडेच राहत नाही. प्रश्नाच्या उत्तरातून नवं काही निघालं तर अर्धा तास चर्चा मागता येते. मोठ्या विषयावर विधानसभेत नियम २९३, परिषदेत नियम २६० खाली चर्चा होते, विदर्भाच्या अनुशेषावर, शेतीवर इथं ज्या लांबलचक चर्चा होतात त्या बहुतेक अशाच. मंत्र्याने जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर हक्कभंगाची सूचना देता येते, ती स्वीकारली जाणं वेगळी गोष्ट.

एक प्रश्न किती दूर जाऊ शकतो याचं जुनं उदाहरण लोकसभेतलं आहे. १९५७ मध्ये सरकारी विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याबद्दल साधा प्रश्न विचारला गेला, अर्थमंत्र्यांच्या खात्याकडून गोलमोल उत्तर आलं, ते पटलं नाही म्हणून सदस्य मागे लागले. फिरोज गांधींनी, जे सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार आणि पंतप्रधानांचे जावई, विषय धसास लावला. न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. आणि याच्या उलटं उदाहरणही आपल्याच संसदेतलं, डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात ११ खासदारांना घरी पाठवलं. प्रश्नाला बाजारात भाव असतो तो त्यात ताकद आहे म्हणूनच.

पण ही सगळी यंत्रणा चालायला दोन गोष्टी लागतात, अधिवेशनाचे दिवस आणि उत्तर देणारा मंत्री. नागपुरात दोन्हीची ओढाताण आहे. २०२४ चं हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हंजे आठवडाही पूर्ण नाही. मंत्र्यांचे शपथविधी आदल्या दिवशी इथंच राजभवनात झाले आणि खातेवाटप जाहीर झालं ते अधिवेशन संपल्यावर, २१ तारखेच्या रात्री. म्हंजे आख्खं अधिवेशन असं गेलं की आरोग्याचा मंत्री कोण, परिवहनाचा कोण, हेच ठरलेलं नव्हतं. २०२५ मध्ये ८ ते १४ डिसेंबर, आणि तेव्हा दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेताच नव्हता. विदर्भाच्या प्रश्नांसाठी करार करून मिळवलेलं हे अधिवेशन, ते एका आठवड्यावर आलं आहे, आणि इथं ‘सहलीला येतात’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यांच्यावर रागवावं असं मला तरी वाटत नाही.

आणि आश्वासनं. सभागृहात मंत्री ‘तीन महिन्यांत पदे भरू’, ‘चौकशी करू’, ‘बैठक घेऊ’ असं म्हणतात, ते हवेत जात नाही, निदान जायला नको. आश्वासन समिती नावाची आमदारांची समिती असते, ती भाषणांमधून अशी वाक्यं वेचून काढते आणि खात्याच्या मागे लागते की याचं काय केलं. संसदेत यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं आश्वासनं पेंडिंग राहतात, पण पेंडिंग राहतात म्हंजे कुठंतरी नोंदलेली राहतात. म्हणून मंत्र्याच्या तोंडून ‘पाहू’ऐवजी ‘करू’ वदवून घेणं, तेही तारखेसकट, ही उपप्रश्न विचारणाऱ्याची खरी कमाई.

आता तुम्ही-आम्ही काय करू शकतो. प्रश्न आमदारच विचारू शकतो, पण त्याला प्रश्न पुरवतं कोण? कार्यकर्ते, पत्रकार, संघटना, आणि कधीकधी एखादा चिकट नागरिक. आमदाराकडे निवेदन घेऊन जाताना चार पानांचं दुःख लिहून नेऊ नका, एक पान न्या. कोणतं केंद्र, कोणतं पद, कोणत्या तारखेपासून रिकामं, कोणत्या ऑफिसला पत्र दिलं त्याचा आवक नंबर, आणि ते कोणत्या खात्याखाली येते. वरचा चार भागांचा नमुना समोर ठेवून तसंच लिहून नेलं तर त्याच्या पीएला फक्त सही घ्यायचं काम उरते, आणि पीएचं काम वाचलं की तुमचा कागद वर जातो, हे अनुभवाचे बोल समजा. अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर उशीर झाला, तारांकितच्या नोटिसा आधीच गेलेल्या असतात, तेव्हा दिवाळीच्या आधीच गाठा. विधानसभेच्या आमदाराने ऐकलं नाही तर विधान परिषदेचे आहेत, नागपूर विभागाचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघाचे वेगळे आमदार असतात आणि मंत्र्याला दोन्ही सभागृहांत उत्तर द्यावं लागते.

आणि आमदारही नको असेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. त्या कायद्याच्या कलम ८ मध्ये एक ओळ होती जी फार लोकांना माहीत नव्हती, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. ती ओळ २०२५ मध्ये कलमात झालेल्या बदलाने गेली. अर्जाच्या आधी मात्र विधिमंडळाच्या वेबसाइटवर जाऊन प्रश्नोत्तरांच्या जुन्या यादीत आपल्या तालुक्याचं नाव शोधून पाहा. तुमच्या गावाबद्दल मंत्र्याने दोन वर्षांपूर्वीच ‘हे खरे आहे’ आणि ‘पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे’ असं लिहून दिलेलं सापडलं, तर नव्या अर्जात एवढंच विचारायचं, की त्या उत्तरानंतर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्या.